भरवशाचा नंबर

हिंदातूला संशय आला की ती हातातल्या बांगड्या काढून बाजूला ठेवते. का, ते तिचं तिलाच ठाऊक. त्या दिवशी माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसली, सगळ्या बांगड्या काढल्या आणि मगच फोन पुढे केला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

ती माझी मामेबहीण. आमच्या कानो शहरात आते-मामे भावंडांना मोकळं रान असतं. एकमेकांना चोर म्हणा, गुलाम म्हणा, घरात शिरून दिसेल ते उचला, कोणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. मी तिच्याकडे गेले की आधी गोरोच्या, म्हणजे चघळायच्या कोलाच्या बियांच्या, वाटीत हात घालणार, सगळ्यांत टपोरं बी निवडून तोंडात टाकणार आणि मग सलाम करणार. ती माझ्याकडून कापडाचे तुकडे उचलून न्यायची. परकर घालायच्या वयापासून हेच चाललेलं.

लिहितोही दोघी. तिच्या कादंबऱ्या फोनवरून भागाभागाने जातात, दर शुक्रवारी एक, आणि गल्लीतल्या बायका चुलीवरचं करपवून वाचतात. माझ्या कादंबऱ्या माझी जाऊ वाचते, तीही मी समोर बसले तर. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण हिंदातूचं चांगलं लिहून झालं की मला माझंच झाल्यासारखं वाटायचं, हेही खरं.

या खेपेला रेडिओवाल्यांनी तिला बोलावलं होतं. डेलू नावाच्या बाईची गोष्ट पुरी कर, आम्ही वाचून दाखवू, फक्त शेवट आधी कोणाला कळता कामा नये. शेवट फुटला तर आम्हाला नको. आता मामाला डोळ्यांनी दिसत नाही, रेडिओ चोवीस तास कानाशी. पोरीने इतकं लिहिलं, त्यातला एक शब्द त्या माणसाला वाचता आलेला नाही. त्यामुळे हिंदातू शेवटाला जिवापाड जपत होती.

आणि लिखाणाचा तर नुसता गोंधळ. अर्धं फोनच्या या कोपऱ्यात, अर्धं त्या कोपऱ्यात. आधीच्या कादंबरीत मेलेली सासू तीन भागांनंतर उठून तुवोचे गोळे वाढायला लागली होती, वाचणाऱ्यांनी तिला हसून हसून बेजार केलं होतं. म्हणून ती सॉफ्टवेअर शोधत होती.

"चोरटे, हे पहिलं बघ," ती म्हणाली. "उघडलं नाही तोच विचारतंय, फोनमधली सगळी नावं बघू का? माझ्या मैत्रिणींशी याला काय बोलायचंय?"

"नको म्हण."

"मग दुसरं. हे माझ्या प्रत्येक हौसा शब्दाखाली लाल रेघ ओढतंय. सगळंच चूक! माझ्या नणंदेने बनवलंय की काय?"

मी मशीन थांबवली आणि मी वापरते ते सॉफ्टवेअर दाखवलं. साधं होतं. प्रत्येक भागाला एक खण, प्रत्येक माणसाला एक कार्ड. "सासू मेली की कार्डावर मेली म्हणून लिहून टाक. मग तिची काय बिशाद परत वाढायला यायची."

"आणि हे फुकट का?"

"मला काय माहीत? दिलंय तर घे."

"फुकट देणारा काहीतरी उचलतोच. आणि याला माझी जन्मतारीख कशाला हवी? स्थळ बघतोय का?"

मी हसून हसून सुईत बोट घालता घालता वाचले. तिने मात्र एकेक पान डोळ्यांजवळ धरून तपासलं. शेवटी एक प्रश्न आला, लिखाणाची एक प्रत कोणाकडे जपायची? तुमच्या भरवशाच्या माणसाचा नंबर द्या.

तिने माझ्याकडे बघितलं. मीही बघत राहिले.

"टाक बाई तुझा," ती म्हणाली. "चोराच्या हाती किल्ली!"

मी माझा नंबर टाकला. तिने बांगड्या चढवल्या, माझ्या पेटीतला निळ्या कापडाचा तुकडा उचलला आणि गेली. माझ्याकडे कधी काही आलं नाही. मला वाटलं, तिचा फोन हरवला तरच प्रत येत असेल.

पुढे एका गुरुवारी जाऊ धावत आली. "कळलं का? डेलू नवऱ्याचाच ट्रक घेऊन पळते! स्वतः चालवत!" अख्ख्या ग्वाले मोहल्ल्यात तेच. हिंदातूचा शेवट फुटला होता. मी तिला फोन लावला, तिने उचलला नाही. परत लावला, तरी नाही.

रविवारी लेखिका संघाची बैठक मालमा बालाराबांकडे. मालमा, म्हणजे बाई, आमच्या संघाच्या प्रमुख, शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला. चवळीची गरम भजी, कोसई, आली होती, बायका एकमेकींची कोसई पळवत होत्या. हिंदातू आली, बसली आणि बांगड्या काढून चटईवर ठेवायला लागली.

"चोर आपल्यातच आहे," ती म्हणाली. "ही लराई."

सगळ्या खो खो हसल्या. आते-मामे बहिणींचं चाललंय, दुसरं काय! मीही हसले. "हो ना गं, आणि तू माझी मोलकरीण. कोसई आण!"

"मी थट्टा करत नाहीये."

"तर तर! काझीला बोलवा, हिच्या पायात—"

"लराई, मी थट्टा करत नाहीये."

मग मात्र हसणं एकेक करून थांबलं. हातातली कोसई मला ना खाववेना, ना ठेववेना.

ती बोलत राहिली. तिने म्हणे सापळा लावला होता. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये तीन निरनिराळे शेवट लिहिले, तिन्ही खोटे. एकात डेलू विहिरीत पडते, एकात नवरा पाया पडतो, आणि ट्रकचा शेवट फक्त त्यात, जे मी सुचवलं, मी लावून दिलं आणि ज्यात प्रतीसाठी मी स्वतः माझा नंबर टाकला. खरा शेवट अजून तिच्या डोक्यात होता. फुटला तो ट्रकचा.

"माझ्या कादंबऱ्या हिला पहिल्यापासून खुपतात," ती म्हणाली.

हे ती सगळ्यांसमोर म्हणाली. कोणी माझ्या बाजूने तोंड उघडलं नाही. खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

मालमांनी चष्मा पुसला. "पण हिंदातू, तो ट्रकचा शेवट तर तूच पाठवलास ना? संघाच्या फोनवर रोज येतंय तुझं लिखाण. मला वाटलं, सगळ्यांनी वाचावं म्हणून पाठवतेस. आवडलं, म्हणून मी दोघीतिघींना पुढे धाडलं की!"

संघाचा फोन मालमांच्या फडताळात असतो. निरोप द्यायला जी येईल ती उचलते.

मी हिंदातूचा फोन मागितला. तिने दिला, चटईवरच्या बांगड्यांकडे न बघता. सॉफ्टवेअर उघडलं. भरवशाच्या माणसाच्या रकान्यात माझा नंबर नव्हताच. संघाचा होता.

"हा कधी बदललास?"

ती चटईवरच्या बांगड्या गोळा करायला लागली.

"हिंदातू, कधी?"

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "तुझ्या गल्लीच्या वळणावर. मला वाटलं, संघाचा फोन कोणा एकीचा नसतो, म्हणजे तिथे धोका नाही."

गल्लीच्या वळणावर! माझ्या पेटीतला निळा तुकडा तिच्या काखेत होता तेव्हा. अजून काही फुटलं नव्हतं, कोणी काही केलं नव्हतं. मला चोर म्हटल्याचा राग मी त्याच दिवशी गिळला असता, आपल्यात राग धरतच नाहीत. पण हे मला गिळता येईना. मी चपला घातल्या आणि निघाले.

तिने किती निरोप पाठवले. रडली, शपथा घेतल्या, सॉफ्टवेअरच काढून टाकलं म्हणाली. खरा शेवट शाबूत होता, त्यामुळे रेडिओवाल्यांनी शब्द पाळला. शेवटच्या भागाच्या दिवशी मामाने स्वतः पोराकरवी बोलावणं धाडलं, मग मला जावंच लागलं.

मी दारात उभी राहून सलाम केला आणि भिंतीला टेकून बसले. रेडिओवर डेलू बापाच्या घरी परत आली, आणि बापाने आवाजावरूनच तिला ओळखलं. मामा मान डोलवत होता, गाल ओले झालेले. बायकांनी आनंदाने हाळ्या घातल्या. हिंदातू उठली, गोरोची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. हात बांगड्यांनी भरलेले होते.

"घे चोरटे," ती हळूच म्हणाली. "लुटून ने सगळं."

वाटीत टपोरं लाल बी वरच होतं. मी हात पुढे केला. मला खरंच घ्यायचं होतं हो! पण हात वाटीशी गेला आणि थांबला.

"एक घेऊ का?" मी विचारलं.

मामाने रेडिओवरचा कान काढून आमच्याकडे वळवला.

"हिंदातू," तो म्हणाला, "कोण पाहुणी आलीय गं?"