पानगळ बघायची होती

ताईनं एकतीस वर्षं या शहरात पायी टपाल वाटलं. निवृत्त झाली त्या संध्याकाळी बुटांच्या नाड्या सोडता सोडता मला म्हणाली, "जन्मभर दारांवरचे नंबर बघितले गं. झाडं बघायची राहूनच गेली."

मग तिनं एका पाठकोऱ्या कागदावर पानगळीत फिरायच्या जागा लिहून काढल्या. नदीचा बांध, तळ्याची वाट, पाण्याच्या टाकीमागची टेकडी. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, सुट्टी फक्त रविवारी. म्हणून रविवार ठरले.

पण पानं पिवळी व्हायच्या आतच तिचा डावा पाय अडखळायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, स्नायू हळूहळू निकामी होत जाणार, औषध नाही. दवाखान्याच्या जिन्यात ताई म्हणाली, "हळूहळू म्हणाला ना? मग हा हंगाम आपला."

पहिल्या रविवारी नदीचा बांध झाला. वाट पाचोळ्यानं झाकून गेली होती. ताई एकेका घराकडे बोट दाखवून तिथले किस्से सांगत होती. "इथल्या वकिलाचा कुत्रा मला दोनदा चावला, आणि वकील एकदा!" मी हसून हसून बेजार झाले. परतताना मात्र तिनं माझा दंड धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या रविवारी तळ्याच्या वाटेवर पानं ओली होती. "धरू नकोस, लोक बघतात," ताई म्हणाली. मी हात सोडला. वीस पावलांवर ती कोसळली. हात पुढे टेकायलाही जमलं नाही, थेट तोंडावर. फिरायला आलेल्या एका जोडप्यानं तिला उचलून बाकावर बसवलं. त्यातल्या बाईनं ओळखलं. "अगंबाई, तुम्ही आमच्या टपालवाल्या बाई ना?"

ताईनं फुटलेल्या ओठावर रुमाल धरला. "नाही हो. तुमची काहीतरी चूक होतेय."

त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही. मी चाकांची खुर्ची आणली, ती दाराआड घडी केलेलीच राहिली. समजावलं, रागावले, एकदा तर तिच्यासमोर रडले. "ढकलत न्यायला मी काय हातगाडी आहे?" एवढंच तिचं उत्तर.

हंगाम सरत आला तेव्हा तीच म्हणाली, "टेकडीवर तू तरी जाऊन ये. मला सांग."

मी गेले. शहराभोवती लाल-पिवळा रंग असा पेटला होता की नजर ठरेना. लोक लेकराबाळांसह फोटो काढत होते. ताईला हे कसं सांगायचं, म्हणून मी मनात वाक्यं जुळवत राहिले. एकही जुळेना. मला त्या झाडांचाच राग आला आणि मी अर्ध्यातून उतरले.

घरी ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "होतं का काही बघण्यासारखं?"

"फारसं नाही. बरीच पानं गळून गेलीत."

मी खोटं बोलतेय हे तिला कळलं असावं. "बरं," म्हणाली. मग तशीच भिंतीकडे बघत, "आज मला कपाचा कान धरता आला नाही गं."

मी चहा करून आणला आणि चमच्यानं पाजला. निम्मा उशीवर सांडला.