गुणवंताची घागर

"अरे, हे घागर व्हय का कापसाची गाठ? किती दाबून राहिला!"

नत्थूजी कुंभार ओरडले आणि सगळी शेड हसली. गुणवंताही हसला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात गेली होती. उरलेल्या बोटांनी तो माती दाबतच राहिला.

पांढुर्ण्याला शाळेमागच्या टिनाच्या शेडमध्ये रजनीबाई मास्तरणींनी चौऱ्याऐंशी साली मातीकामाचा वर्ग काढला. नत्थूजींनी शिकवावं, येईल त्यानं शिकावं. पोरं पोळ्याचे बैल करत, रजनीबाईंची सुरई देखणी उतरू लागली होती, आणि मी पणत्यांच्या पुढे सरकलो नव्हतो. गुणवंता मात्र पहिल्या दिवसापासून घागरीलाच भिडला. त्याची बायको शांताबाई दिवाळीनंतर वारली होती. अक्षय तृतीयेला तिच्या नावानं पहिली घागर भरायची होती, आणि ती त्याला आपल्या हातची हवी होती.

सण जवळ आला तशी भट्टी लावायची ठरली. नत्थूजी एकेक भांडं टिचकी मारून आत रचत होते. गुणवंताच्या घागरीपाशी त्यांचा हात थांबला.

"बूड लय जाड हाय. हे फुटंल अन् बाजूचेही फोडंल."

रजनीबाई म्हणाल्या, "ठेवा हो नत्थूजी. फुटली तर फुटली माझी सुरई."

गुणवंतानं स्वतःच घागर उचलून घेतली. "नाई बाई. माह्यापायी दुसऱ्याचं काहून फुटावं?"

"माह्या घरची घेऊन जा ना बाप्पा," नत्थूजी म्हणाले. "पैसे नोको देऊ."

"तुमच्याच घागरी तिनं जन्मभर वाह्यल्या, नत्थूजी. मी एक दिवस तरी विहिरीवर गेलो काय?"

नत्थूजींनी पुढचं भांडं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपल्याच अंगणात घागर भाजायला आगटी मांडली. मी पोत्यात गोवऱ्या घेऊन गेलो, तर रजनीबाई आधीच पदर खोचून गोवऱ्या रचत होत्या. थोड्या वेळानं नत्थूजीही आले.

"असं रचतेत काय? चूल पेटवून राहिले का पापड भाजाले?" असं म्हणत त्यांनी सगळं मोडून पुन्हा रचलं.

दुपारी धुरातून 'टच्' असा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गुणवंता जागचा हलला नाही.

सांजेला राख निवल्यावर त्यानं घागर बाहेर काढली. तिच्या खांद्याची एक खपली उडाली होती आणि घागर एका अंगाला कलली होती. नत्थूजींनी टिचकी मारली, कान लावून ऐकलं.

"बोलते लेकाची," ते म्हणाले आणि घागर त्याच्या हातात दिली.

अक्षय तृतीयेला तो घागर घेऊन विहिरीवर गेला. तिथे फक्त बायाच होत्या. शेजारची केसरबाई चिडवत म्हणाली, "काय भाऊजी, लय लवकर आले पाणी भराले!"

"व्हय वहिनी, उशीर झाला," तो म्हणाला आणि त्यानं दोर सोडला.

भरलेली घागर खांद्यावर घेऊन तो घरी आला. शांताबाईच्या जुन्या लुगड्याची चुंबळ करून तिच्यावर घागर ठेवली. तरी ती कललीच. एका बाजूनं पाणी काठाला टेकलं होतं, दुसऱ्या बाजूनं खाली होतं.

त्यानं तीन बोटांचा तो हात घागरीला खालून लावला आणि पूजा होईपर्यंत काढला नाही.