पुढचं बेट

रविवार पेठेतल्या मैनुद्दीन अत्तारांच्या दुकानात शिरलं की रस्त्यावरचं शेण आणि घोड्यांचा घाम विसरायला होतं, असं गिऱ्हाईक म्हणायचं. पेशवाई भरात होती. सरदारांच्या वाड्यांतून मोगऱ्याच्या आणि वाळ्याच्या कुप्यांना मागणी असे, आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मैनुद्दीनची बायको हुस्नबानू आणि मुलगी हमीदा यांचं सुखात चाललं होतं.

मग सुरतेच्या एका व्यापाऱ्यानं मैनुद्दीनला अंबराचा सुपारीएवढा खडा दिला. राखाडी, मेणचट, नाकाशी धरला तर गोठ्यासारखा वास. पण हातावर चोळून तासाभरानं हुंगला की ओल्या लाकडाचा, मिठाचा, कसल्याशा गोड धुराचा दरवळ येई. मैनुद्दीन रात्रंदिवस मनगट नाकाशी धरून बसू लागला.

"समुद्र हे किनाऱ्यावर आणून टाकतो," तो एकदा जेवताना म्हणाला. "दक्षिणेच्या बेटांवर लोकांना किंमत नाही त्याची. चुलीत घालतात म्हणे."

"म्हणे," हुस्नबानू म्हणाली आणि भाकरी उलटली.

"आपण सगळेच जाऊ. एक हंगाम. हमीदाही जग बघेल. उन्हाळा संपायच्या आत आपण परत पुण्यात."

"आणि दुकान?"

"चुलतभाऊ बघेल."

हुस्नबानूनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली मुठा. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत असा उजेड तिनं पाहिला नव्हता. तिनं हो म्हटलं. पुढे कितीतरी वेळा तिनं स्वतःला विचारलं, नाही म्हटलं असतं तर तो थांबला असता का. उत्तर तिला ठाऊक होतं, तरी ती विचारत राहिली.

वरंधा घाट उतरून ते दाभोळला आले. तिथं बुरहान नाखव्याचं गलबत उभं होतं. नाखवा म्हणजे गलबत चालवणारा. हा पन्नाशीचा, कमी बोलणारा, दाढी मेंदीनं रंगवलेला. गलबताच्या मागच्या भागात झापांचा आडोसा करून बायकांची सोय केली होती. आत गुडघ्यांवर बसलं तरी डोकं झापाला लागायचं. पाय पसरले की हमीदाचे पाय हुस्नबानूच्या कुशीत यायचे. खाली तांदळाची पोती, वर शिडाची करकर आणि चारी बाजूंनी खलाशांचे आवाज.

"राजवाडाच आहे की," हुस्नबानू म्हणाली. हमीदा हसली. तेव्हा ती हसायची.

उत्तरेचा वारा चांगला होता. किनारा धरून ते दक्षिणेला गेले आणि मग एका सकाळी जमीन दिसेनाशी झाली. हुस्नबानूला वाटलं, आता मोकळं मोकळं वाटेल. झालं उलटंच. चहूकडे इतकी जागा, आणि पाऊल टाकायला त्या झापाखालची चटई तेवढी. लोटा विसळायचा तरी खलाशांची पाठ फिरायची वाट बघावी लागे.

पहिलं बेट आलं ते अमिनी. पांढरी वाळू, हिरवं काचेसारखं पाणी आणि माडच माड. जमिनीवर पाय टेकताच हुस्नबानूला चक्कर आली आणि ती हमीदाच्या खांद्याला धरून रडली, हसत हसत. लोक मुसलमान होते, भाषा मात्र बुरहानखेरीज कुणाला कळेना. त्यांनी शहाळी दिली, मासे दिले. मैनुद्दीन त्याला न घेताच किनाऱ्यानं फिरला, आपला खडा लोकांच्या नाकाशी धरून खुणा करत राहिला. लोक वास घ्यायचे आणि एकमेकांकडे बघून गप्प व्हायचे.

"इथं नाही," संध्याकाळी तो म्हणाला. "पुढच्या बेटावर आहे."

पुढचं बेट कवरत्ती. तिथंही नव्हतं. मग एक नुसताच वाळूचा पट्टा, पक्ष्यांनी भरलेला. मैनुद्दीन त्यावर दिवसभर उन्हात वाकून चालला आणि पाठ सोलून परत आला. हुस्नबानू खोबरेल चोळत असताना तो म्हणाला, "पुढच्या बेटावर..."

"अहो, पण परत कधी जायचं?"

"जाऊ की. घाई कशाची?"

त्यानंतर वारा पडला.

शीड ओल्या लुगड्यासारखं डोलकाठीला लोंबत राहिलं. समुद्र तेलासारखा झाला. दिवस उगवायचा, झाप तापायचे, आतली हवा भट्टीसारखी व्हायची आणि बाहेर तर डोळे उघडवत नसत. रांजणातलं पाणी बुरहान स्वतःच्या हातानं वाटू लागला. हमीदा आधी कुरकुरायची, मग भांडायची, मग तिनं तेही सोडलं. ती झापाकडे तोंड करून पडून राही आणि नखानं झावळीची एकेक शीर सोलत बसे. तिनं सोललेल्या जागेतून प्रकाशाची एक रेघ आत यायला लागली होती.

एके दुपारी हुस्नबानू ओढणी ओढून सरळ बुरहानपाशी गेली.

"नाखवा, वारा आला की गलबत माघारी फिरवा. मुलीला सोसत नाही."

बुरहान चमकला. "बीबी, मी कसं फिरवणार? मालक सांगतील तिकडे."

"तुम्ही मालक ना?"

"मी होतो. दाभोळात विकलं. आता गलबत साहेबांचं, मी चाकर." तिचा चेहरा पाहून त्यानं मान खाली घातली. "तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. दुकान देऊन टाकून घेतलं ना त्यांनी."

हुस्नबानू वाकून परत आडोशाखाली गेली. मैनुद्दीन सावलीत मनगट हुंगत बसला होता.

"दुकान विकलंत?"

त्यानं मनगट खाली घेतलं. "चुलतभावाला. तुला सांगणारच होतो. अंबर मिळाल्यावर."

"आणि घर? वरच्या खोल्या? माझे तांब्याचे हंडे, हमीदाची खाट?"

"बानू, तू समजून घे. त्या दुकानात मला वीस वर्षं श्वास घेता येत नव्हता. रोज तीच कुपी, तेच गिऱ्हाईक, तेच 'थोडं जास्त घाला की'. इथं बघ." त्यानं हात पसरून त्या निश्चल, पांढऱ्या, भगभगत्या समुद्राकडे दाखवलं.

"बघते आहे," ती म्हणाली. "दुसरं बघायला ठेवलंयत काय?"

तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून जाणार कुठं? भांडून पाठ फिरवायची म्हटली तरी तेवढी जागा नव्हती. पाठ फिरवली की गुडघे पोत्याला लागायचे. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की परत जायचं ठिकाणच उरलेलं नाही, आणि हे गलबत नवऱ्याचं मन नेईल तिकडेच जाणार आहे. ती हमीदाला चिकटून झोपली आणि झावळीतल्या त्या रेघेकडे बघत राहिली.

वारा आला तो उन्हाळा तापल्यावर. तोवर रांजणाच्या तळाला शेवाळ लागलं होतं. गलबत कल्पेनी बेटाला टेकलं तेव्हा हमीदाला धरून उतरवावं लागलं.

बेटाच्या मुखियाच्या घरी त्यांना आसरा मिळाला. घर खरं म्हणजे मुखियाच्या आईचं, कुंजीबीचं. त्या बेटावर घर बाईच्या नावानं चाले आणि नवरे आपापल्या आईकडे राहून बायकोकडे येत-जात असत. हुस्नबानूला हे बुरहाननं सांगितलं तेव्हा तिला ती थट्टा वाटली. पण कुंजीबी ओट्यावर बसून साऱ्या घरादाराला हुकूम सोडायची आणि पांढऱ्या दाढीचा मुखिया "हो हो" करत धावायचा. म्हातारीनं हमीदाला नारळाच्या रसातली पेज पाजली, अंगाला तेल लावलं. चार दिवसांत पोर उठून बसली.

मैनुद्दीनला इथं अखेर खरं कळलं. अंबर या बेटांवर सापडे, पण ज्याला सापडेल त्यानं ते बेटांच्या मालकिणीकडे, कण्णूरच्या राणीकडे पोहोचवायचं. लपवणाऱ्याची धडगत नव्हती. म्हणूनच लोक त्याचा खडा हुंगून गप्प होत होते. दुसरा कुणी असता तर परत फिरला असता. मैनुद्दीन दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी हसत आला.

"बानू, इथल्याच माणसाला लोक सांगतील. परक्याला नाही. आपण पावसाळा इथं काढू. मुखियाच्या पुतण्याला हमीदा दिली की आपण इथलेच झालो. मी बोलून ठेवलंय."

हुस्नबानू तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. मागे हमीदा उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"अम्मा," ती एवढंच म्हणाली.

हुस्नबानूनं सूप बाजूला ठेवलं. ती उठली, नवऱ्याला ओलांडून ओट्यावर गेली आणि कुंजीबीच्या पायाशी बसली. बुरहानला हाक मारली. "नाखवा, मी बोलते ते जसंच्या तसं सांगा. चाकरी नंतर करा."

तिनं सांगितलं. दुकान, गलबत, झापाखालचे दिवस, आणि आताचं लग्न. बुरहान सांगत होता, म्हातारी पान चघळत ऐकत होती. सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"कुंजीबी विचारतायत, मुलगी काय म्हणते?" बुरहान म्हणाला.

सगळ्यांनी हमीदाकडे पाहिलं. हमीदाचा आवाज स्पष्ट आला. "मला पुण्याला जायचंय."

म्हातारीनं पिंक टाकली आणि मुखियाला हाक मारली. काथ्या घेऊन एक गलबत मंगळूरला निघायचं होतं, पावसाआधीचं शेवटचं. त्यात तिच्या भाचीबरोबर दोघींना बसवायचं ठरलं. मुखिया काहीतरी पुटपुटला, म्हातारीनं नुसतं बघितलं, तो कामाला लागला.

निघायच्या सकाळी मैनुद्दीन किनाऱ्यावर आला. रात्रभर झोपला नसावा. हुस्नबानू गुडघाभर पाण्यात उभी होती.

"अहो, चला," ती म्हणाली. "अजून चला. दुकान नाही तर नाही. माझ्या भावाकडे मोमीनपुऱ्यात खोली मिळेल. तुमच्या हातात कसब आहे."

तो पाण्याच्या कडेशी येऊन थांबला. लाट त्याच्या पायांवरून गेली आणि परत आली. "तिथं आलो तर मी मरेन, बानू."

"आणि आम्ही इथं?"

त्यानं पाण्यात उतरून हमीदाच्या डोक्यावर हात ठेवला. ती बापाला बिलगून हुंदके देऊन रडली आणि मग स्वतःच चढून बसली. हुस्नबानूला वाटलं होतं, बेट मागे पडताना सुटल्यासारखं वाटेल. तिला फक्त काठावर उभा असलेला माणूस दिसत राहिला आणि तो लहान होत गेला.

मंगळूरहून किनाऱ्यानं, मग घाट चढून, कुणाकुणाच्या आसऱ्यानं, दोघी पुण्यात आल्या. भावाच्या घरी मागची खोली मिळाली. भावजय वाईट नव्हती, पण रोज दुपारी शेजारणींना घेऊन बसायची आणि विषय फिरून फिरून तिथंच यायचा.

"भावोजी कधी येणार?"

"वाऱ्याला विचारा," हुस्नबानू म्हणायची.

ती नवऱ्याची बायको होती आणि नव्हतीही. लग्नकार्यात तिला पुढे बसवत नसत आणि मागेही बसवत नसत. हौदावर पाणी भरायला गेली की बोलणं थांबे. समुद्रावर निदान चारी दिशांना पाणी होतं, इथं चारी दिशांना तोंडं होती. तरी रोज पहाटे ती उठायची, गुलाबाच्या पाकळ्या उकळायची आणि भावाच्या मुलीकडून कुप्या वाड्यांवर पोहोचवायची. पुढच्या वर्षी हमीदाचं लग्न कसब्यातल्या एका पुस्तकं बांधणाऱ्या जिल्दगाराशी झालं. हमीदानं मुलगा आधी पडद्याआडून नीट बघून घेतला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मैनुद्दीन आला. काळा पडलेला, वाळलेला, हात रिकामे. गलबत पावसात फुटलं होतं. हुस्नबानूनं दार उघडलं, पाण्याचा तांब्या दिला आणि तो जेवेपर्यंत काही विचारलं नाही.

तो राहिला. स्वतःच्याच जुन्या दुकानात चुलतभावाच्या हाताखाली बसू लागला. कुणी हसलं तरी मान वर करत नसे. पण संध्याकाळी घरी आला की त्या मागच्या खोलीत त्याला बसवेना. तो दार उघडायचा, खिडकी उघडायचा, मग गच्चीवर जाऊन उभा राहायचा. झोपेत हात भिंतीला लागला की दचकून उठायचा. हुस्नबानू अंथरुणात पडून ते बघायची. झापाखाली आपण अशाच उठत होतो, हे तिला आठवायचं, आणि ज्याचा इतका राग केला त्याची कीव यायची. मग त्या किवेचाही तिला राग यायचा.

श्रावण सरता सरता एका संध्याकाळी तो तिच्यासमोर येऊन बसला. पाकळ्या निवडायला लागला.

"बानू, दाभोळहून एक गलबत दसऱ्यानंतर निघतंय. खलाशांचा तांडेल ओळखीचा आहे. मला खलाशी म्हणून घ्यायला तयार आहे." त्यानं वर पाहिलं. "या वेळी विचारतोय."

तिनं भट्टीखालचं लाकूड मागे ओढलं, वाफ अडवणारी झाकणाभोवतीची कणीक बोटानं दाबून बसवली. तो वाट बघत होता, निमूट, हमीदा लहानपणी बसायची तसा.

"नाही म्हटलं तर?" तिनं विचारलं.

"तर नाही जाणार."

तो खरं बोलत होता, हे तिला कळलं. तो राहील, रोज दुकानात जाईल, रोज रात्री दचकून उठेल, आणि ती शेजारी जागी असेल. तिनं त्याच्या काळवंडलेल्या, सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "पण भावजय विचारील तेव्हा, मी पाठवलं असं सांगेन. हाकललं म्हणतील, म्हणोत."

मैनुद्दीननं पाकळ्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. ती उठली, चुलीवरून पाणी उतरवलं आणि त्याच्यासाठी ताट वाढायला घेतलं.