विहिरीच्या कट्ट्यावर विसरलेली मडकी

मी एक जुनी मातीची मडकी आहे. पण मित्रांनो, नाकं मुरडू नका! भात शिजवणाऱ्यांतली मी नव्हे, मी काढा उकळणारी. कुंभाराने मला तोटी काढली, मूठ जोडली, भाजली आणि बोटाने वाजवून म्हणाला, "खणखणीत आहे!" तो ताठा अजून गेलेला नाही.

माझी मालकीण चाइहुआआजी. आमच्या छ्युआनचौ शहरातल्या गल्लीत काढ्याचं भांडं कुणी मुद्दाम विकत आणत नाही. ते म्हणजे आजाराला आवतण. म्हणून सगळी गल्ली माझ्या एकटीवर. गरजवंताने स्वतः येऊन मला मागायचं, कारण मला कुणाच्या दारात नेऊन दिलं तर आजार नेऊन दिल्यासारखं होतं. बरं वाटल्यावर परतही करायचं नाही, मालकिणीनेच न्यायला यायचं. किती खोकले, किती बाळंतपणं मी निभावली, विचारा कुणालाही!

एका वसंतात शेजारच्या च्वांगबाबांची बोटं आखडली. कळसूत्री बाहुल्या नाचवणारा माणूस. देवळाच्या जत्रेत त्यांची बाहुली चहा ओतायची, थेंब सांडायचा नाही. आता सांधे सुजून लालबुंद, हात लावावा तर गरम. दोरी धरवेना, आणि जत्रा तोंडावर आलेली.

त्यांच्या बायकोने, सुझेनने, गल्लीतल्या कुणा एकीची उरलेली औषधाची पुडी लोखंडी कढईत उकळून पाजली. दुखणं आणखीच भडकलं. श्यू वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ती पुडी गारठ्याने धरलेल्या सांध्यांची! ह्यांच्या बोटांत आग पेटलीय, आणि तू वर दालचिनी घालतेस? तीही लोखंडात? जा, मडकी माग."

मागणार कशी? सुझेनच्या कोंबड्यांनी आजीची वाळत घातलेली कोळंबी फस्त केल्यापासून दोघींचा अबोला होता.

"त्या म्हातारीपुढे हात पसरू? मुळीच नाही!" सुझेन म्हणाली आणि रडायला लागली.

ते भिंतीपलीकडून आजीने ऐकलं. आपणहून मला नेऊन देणं तर रीतीत बसेना. तिने मला विहिरीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, "मी मेली विसरभोळी! मडकी इथंच राहिली तर कुणीपण उचलून नेईल हो! नेईना का, मी काय करणार?"

सुझेनचं दार किलकिलं झालं.

मग मी रोज मंद आचेवर. तुतीच्या फांद्या आणि वैद्यांनी निवडून दिलेल्या थंड गुणाच्या मुळ्या. बाबा काढा पीत आणि चोथ्याच्या कोमट पाण्यात बोटं बुडवून बसत. उरलेला चोथा सुझेन रस्त्यावर टाकी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली दुखणं तुडवलं जावं म्हणून. सूज उतरली. अगदी सगळी नाही, पण दोरी धरता आली.

जत्रेत बाहुलीने चहा ओतला. एक थेंब सांडला.

"तेवढा देवाला," बाबा म्हणाले, आणि लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. त्या टाळ्यांत थोड्या माझ्याही होत्या, हे मी ठासून सांगते.

दुसऱ्या दिवशी आजी दारात उभी. "मडकी न्यायला आलेय. बसायला नाही."

"बसा हो. कोंबड्या कोंडल्यात," सुझेन म्हणाली.

आजी बसली, चहा प्याली, पोटभर बोलली आणि मला न घेताच गेली. तेव्हापासून रोज मला न्यायला येते आणि रोज विसरून जाते.

तर मित्रांनो, माझ्यासारखीला जपा. तापलेली असताना गार पाणी ओतू नका, कोरडी चुलीवर चढवू नका. आणि गरज पडली तर तोंड उघडून मागा. सगळ्यांच्याच नशिबी विसरभोळी आजी नसते.