लेझर चावतो होय?

"लेझरनं करशील ना रे?" असं मामांनी विचारलं, तेव्हा डॉक्टर भाचा "बघू" म्हणाला होता. दुर्बिणीने गुडघ्याच्या आत आधी बघू, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या घराण्यात 'बघू' म्हणजे होकारच. नकार द्यायचा तर माणसं विषय बदलत. बस चालवणाऱ्या मामांनी आगारात सांगून टाकलं की चिरणं नाही, कापणं नाही, क्लचवर पाय पुन्हा पहिल्यासारखा पडणार. भाच्याच्या कानावर ते आलं होतं. मुळातला भिडस्त स्वभाव. खुलासा करायचं त्याने टाळलं.

आता कमरेखाली बधिर झालेले मामा हिरव्या चादरीपलीकडे जागे होते. स्क्रीनवर त्यांच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, उसवलेल्या काठासारखी तरंगत होती. भाच्याने ती दुर्बिणीसोबत आत सोडलेल्या बारीक आकडीने चाचपली. लेझरने तो काठ काचेसारखा गुळगुळीत झाला असता. पण इथे कूर्चा फार पातळ होती, आणि उष्णता खाली झिरपली तर हाड आतल्या आत निर्जीव होण्याची भीती होती. प्रकाशाला स्पर्श नसतो. आकडीतून मात्र मऊ कुठे संपतं आणि घट्ट कुठे सुरू होतं, ते बोटांना कळत होतं.

त्याने कूर्चा कुरतडणारा दातेरी चिमटा मागून घेतला. दोनतीनदा तो चालवल्यावर सवयीने पुटपुटला, "आणखी एक चावा घेतो."

"भाचेबुवा," चादरीपलीकडून आवाज आला, "लेझर चावतो होय?"

भूल देणाऱ्या बाई उगाच मॉनिटर न्याहाळू लागल्या.

"लेझर नाही मामा. चिमटा आहे."

"तू हो म्हणाला होतास."

"बघू म्हणालो होतो."

"तेच ते."

"आता बघितलं. लेझरनं खालचं हाड भाजेल अशी भीती वाटते. हातानं केलं की कुठं थांबायचं ते कळतं. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"ते स्क्रीन वळव इकडे."

परिचारिकेने वळवलं. मामांनी डोळे बारीक करून पाहिलं. "उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय."

"दिसायला असंच राहील."

"आणि क्लच?"

'नक्की' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. भाच्याने तो गिळला. "दाबता... दाबता येईल असं वाटतं. शब्द नाही देत."

"थाप मारताना तू लहानपणापासून घडाघडा बोलतोस," मामा म्हणाले. "आज अडखळलास. घे तुझा चावा. आगारात मात्र मी लेझरच सांगणार."

"सांगा. मामीला मी खरं सांगणार."

"मग आगाराला वेगळं सांगायला नको, तीच पोचवेल," मामा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. चिमटा पुन्हा आत गेला.