माझ्या जागी कोण बसणार?

मित्रांनो, मी एक जुना ऑप-ॲम्प आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. ऑपरेशनल ॲम्प्लिफायर या पूर्ण नावापेक्षा हे बरं. शेंगदाण्याएवढं काळं अंग, आठ पाय आणि काम एकच. विजेचा बारीकसा इशारा आला की तो मोठा करून पुढं द्यायचा. पदरचं काही घालायचं नाही.

माझी भावंडं कुणी रेडिओत गेली, कुणी खेळण्यांत. मी गेलो दवाखान्यात, तान्ह्या बाळांचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रात. बाळाच्या छातीवरून येणारा इशारा फार क्षीण असायचा. मी तो उचलून धरला की पडद्यावर हिरवी रेघ उडी मारायची. ठोका मंदावला की घंटा वाजायची. "हे यंत्र कधी खोटं बोलत नाही," असं परिचारिका म्हणायच्या. कौतुक यंत्राचं, आतल्याला कोण विचारतं! धूळ कुणी पुसली नाही. तापून तापून मी थकलो आणि एका सकाळी रेघ नुसती फरफटायला लागली.

यंत्र घेऊन एक परिचारिका दुरुस्तीच्या दुकानात आली. दुकान बहीणभावाचं. परिचारिका खुर्चीत टेकलीसुद्धा नाही.

"दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ आहे हो. मध्येच त्याचा ठोका मंदावतो. दुसऱ्या वॉर्डातलं यंत्र संध्याकाळपर्यंतच मिळालंय."

भावानं यंत्र उघडून मला पाहिलं. "ताई, हे आता बनतच नाहीत. पण हा नवा बघ! पाय तेच, व्होल्टेज तेच, आणि वेग कितीतरी पट."

"नाकापेक्षा मोती जड नको हं," ताई म्हणाली.

"अगं, चांगलाच आहे ना? मग झालं तर!"

मला उपटून त्यांनी एका झाकणात ठेवलं आणि तो चकचकीत पोरगा माझ्या जागी बसवला. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच. मला वाईट वाटलं. भावानं वीतभर वायरीनं पडदा जोडला, स्वतःच्या छातीला तारा लावल्या आणि रेघ काय सुंदर उमटली! परिचारिकेनं पिशवी उचलली.

"सिस्टर, दवाखान्यात पडदा कुठं असतो?" ताईनं विचारलं.

"भिंतीपलीकडं, आमच्या टेबलावर. लांब वायर आहे."

ताईनं कोपऱ्यातलं वायरीचं भेंडोळं आणून जोडलं. रेघ चालूच होती. मग ती भावाला म्हणाली, "आता छातीवरच्या तारा काढ."

त्यानं तारा काढल्या. रेघ थांबली नाही. टुणटुण उड्या मारत राहिली, अगदी ठोक्यासारखी. यंत्राला कुणीच जोडलेलं नव्हतं, मित्रांनो, आणि घंटाही गप्प होती.

"हा फार चपळ आहे," ताई हळूच म्हणाली. "लांब वायर झेपत नाही याला. बिथरतो आणि आपलाच थरथरत बसतो. यंत्र ती थरथरच ठोका म्हणून मोजतं."

परिचारिका मटकन खाली बसली. "म्हणजे बाळाचा ठोका थांबला असता, तरी..."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी झाकणात पडून होतो आणि माझं दुःख मला फार लहान वाटलं.

मग दोघांनी डबे उपसले. कुणाचे पाय जुळेनात, कुणाला व्होल्टेज सोसेना. शेवटी एक मंद, साधा, माझ्याच वेगाचा मिळाला. लांब वायरीवर त्यानं भावाचे ठोके नीट दाखवले. तारा काढल्या. रेघ सरळ झाली आणि घंटा दुकानभर घणघणली. एरवी त्या आवाजानं काळजात धस्स होतं. त्या दिवशी परिचारिका पदर तोंडाला लावून रडली.

यंत्र घेऊन ती परतली आणि दिवेलागणीला तिचा दवाखान्यातून फोन आला. भावानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"मघाशी घंटा वाजली, दादा. आम्ही धावलो. बाळाला जरा चोळलं, हलवलं. आता दूध पितंय."

भावानं डोळे पुसले.

मित्रांनो, आम्हां म्हाताऱ्यांना बदलावं लागतं, खुशाल बदला. जिवंत आहोत तोवर धूळ तेवढी पुसत जा. आणि आमच्या जागी कुणालाही बसवाल, तेव्हा तो किती जोरात धावतो एवढंच पाहून भुलू नका. त्याच्या तारा एकदा काढून बघा. समोर कुणीच नसताना तो गप्प राहतो का, ते पाहा. पलीकडं कुणाचं तरी लेकरू त्याच्या भरवशावर झोपलेलं असतं.