बेवारस फोल्डर

ऑफिसात त्याला सगळे 'गेलंयकर' म्हणत, आणि ते नाव त्याने स्वकष्टाने कमावलं होतं. स्कॅन सेंटरचं सॉफ्टवेअर त्याच्या हातात, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीतल्या एका मॅडमच्या. सेंटरचं पत्र मिळालं पण सोबतचा स्कॅन नाही, अशी हॉस्पिटलची तक्रार आली की हा छातीठोकपणे सांगायचा, "आमच्याकडून गेलंय." मॅडम म्हणायच्या, "आमच्याकडे आलेलं नाही." मग हा त्याच वाटेने आपल्या जेवणाच्या डब्याचा छोटासा फोटो पाठवून दाखवायचा. तो टुणकन पोचायचा आणि तक्रार बंद व्हायची. आठ महिने हे भजन चालू होतं, आणि दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत सुखाने नांदत होत्या.

आज मात्र प्रकरण त्याच्याच गळ्याशी आलं. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन अकराला, आणि दहा वाजता डॉक्टर म्हणाले, "पत्र आलंय, स्कॅन कुठाय? तो बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. आज हुकलं तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी."

"पेनड्राइव्हवर आणू?"

"चालत नाही. सगळं ऑनलाइन झालंय ना!"

त्याने घाईघाईने मॅडमना फोन लावला. तोंडातून सवयीने निघालं, "आमच्याकडून गे..."

"आलेलं नाही," मॅडमनी सवयीनेच उत्तर दिलं.

खाटेवरून बाबा ऐकत होते. त्यांची सगळी नोकरी पोस्टात, पार्सलच्या खिडकीवर गेली होती.

"काय रे, तुझा तो डब्याचा फोटो पोचतो ना?"

"लगेच."

"आणि स्कॅन केवढा?"

"हजारपट मोठा."

"मग हलकं ते पाकिटातच जात असेल. जड वस्तूचं पार्सल वेगळं निघतं, पाकिटात नुसती चिठ्ठी राहते, वस्तू मागून येतेय म्हणून. पलीकडच्यांना ती चिठ्ठी वाचता येते का, विचार."

गेलंयकरने कपाळावर हात मारला. मोठी फाइल वेगळी पाठवायची, ही अक्कल त्यानेच तर लढवली होती, आणि सांगितली मात्र कुणालाच नव्हती.

"मॅडम, पत्रामागून सुटी फाइल आली तर तुमच्याकडे तिचं काय होतं?"

"कुणाची ते कळत नाही, म्हणून बेवारस फोल्डरमध्ये पडते. तो आम्ही उघडत नाही."

"का?"

"ते आमच्या कामात येत नाही."

त्या दिवशी मॅडमनी तो पहिल्यांदा उघडला. पाठवल्याची वेळ जुळवून पाच मिनिटांत बाबांचा स्कॅन सापडला, डॉक्टरांनी बघून मान डोलावली. गेलंयकरच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात साहेबांचा मेसेज आला: 'वडिलांचं काम झालं ना? मग तक्रार बंद करून टाका.' त्यानेही लगेच 'हो साहेब' लिहिलं.

बाबांना आत नेत होते. दाराशी त्यांनी त्याचा हात धरला. "त्या बेवारसमध्ये माझा एकट्याचाच होता का रे?"

फोन चालूच होता. "अकराशे बारा आहेत," मॅडम हळूच म्हणाल्या.

बाबांनी त्याचा हात सोडला. "मग इथे काय उभा राहिलायस?"